झोपेच्या शाळेच्या बाई

च्वांग मेई-युन बाईंचा आवाज त्यांच्या उंचीला अजिबात शोभत नाही. बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतात, पण तिसऱ्या मजल्यावर त्या शिंकल्या की खाली सायकली लावणारी मुलं वर बघतात. मनाच्या आजारांवर उपचार आणि संशोधन करणारी प्राध्यापक म्हटलं की लोकांना हळू बोलणारी, सारखी मान डोलावणारी, डोळ्यांत करुणा वगैरे असलेली बाई हवी असते. आमच्या बाई पेशंटसमोर बसल्या की तशा होतात. पेशंट गेला की दार उघडून ओरडतात, "माझा पेरू कुणी खाल्ला?"

तैवानमध्ये, ताइनानच्या विद्यापीठात त्यांनी उभं आयुष्य काढलं. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. माझं नाव श्यू-लान, बाई मला आ-लान म्हणतात, आणि माझ्यामागून आलेले सगळे ताई म्हणतात. त्यात टक्कल पडलेले दोन विभागप्रमुखही आले. हे ताईपण फुकट मिळत नाही. कुणाचं लग्न ठरत नाही, कुणाचा प्रबंध अडलाय, कुणाला बाई बोलल्या म्हणून तो जेवत नाही, सगळं माझ्या गळ्यात. हॉस्पिटलातली माझी नोकरी सांभाळून मी हे निस्तरते. या उन्हाळ्यात बाई निवृत्त व्हायच्या होत्या, तेव्हा त्या समारंभाचं जेवणही कुणी न विचारता माझ्याच गळ्यात पडलं.

आमच्या विषयात घराणी असतात, आणि आमचं घराणं लाय सरांचं. लाय चिन-त्सुंग सर अमेरिकेत शिकून परत आले तेव्हा इथे ज्याचं मन बिघडलं त्याला एकतर देवळात न्यायचे, नाहीतर कुलपात ठेवायचे. सरांनी तिसरी वाट दाखवली. लॅबच्या भिंतीवर सरांच्या अमेरिकन गुरूंचा फोटो आहे. त्यांना आम्ही आजेगुरू म्हणतो. आजेगुरूंना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, पण परीक्षेच्या आधी त्यांच्यापुढे संत्रं ठेवल्याशिवाय आमची मुलं पुढे सरकत नाहीत. मानसशास्त्राची मुलं ही! त्यांच्या शेजारी लाय सर, आणि सरांच्या शेजारी एक रिकामा खिळा. तो बाईंचा. "मी मेल्यावर लटकवा, आत्ता माझं तोंड रोज बघताय ते पुरे," असं त्या म्हणतात.

अमेरिकेहून सरांनी आणलेली एक तपकिरी बॅग अजून लॅबमध्ये आहे. चाकं नाहीत, कडी तुटलेली, दोरीने बांधावी लागते. घराण्यातलं कुणीही पहिल्यांदा परदेशी परिषदेला निघालं की हीच बॅग न्यायची. मी ती टोकियोच्या विमानतळावर हमालासारखी वाहिली आणि सरांना, बाईंना, आजेगुरूंना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. पण नंतर माझ्यामागची मुलगी ती घेऊन निघाली, तेव्हा दोरीची गाठ मीच मारून दिली.

बाई प्रबंध हिरव्या पेन्सिलीने तपासतात. लाल रंगात माणसाचं नाव लिहिलं गेलं तर अपशकुन, आणि विद्यार्थ्याचं नाव तर पहिल्याच पानावर असतं. माझा पहिला मसुदा परत आला तेव्हा त्यावर शेवाळ चढल्यासारखं दिसत होतं. मी रडले. बाईंनी मला रडू दिलं, मग मासळीची पेज खायला नेलं आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहायला बसवलं. हे त्यांनी प्रत्येकाशी केलं. मूल कुठून आलंय, घरी कोण आजारी आहे, कुणाला कुणाची धास्ती वाटते, हे त्यांना ठाऊक असतं. दर गुरुवारी दुपारी सगळे डबे घेऊन लॅबमध्ये जमतात आणि सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं असतं. थोरल्यांनी आधी तोंड उघडलं तर धाकटे त्यांचीच री ओढतात, असं बाईंचं म्हणणं.

आता ज्या कामाने बाईंचं नाव झालं ते सांगते. शहराच्या उत्तरेला, मिठागरांच्या पलीकडे, समुद्रातल्या शिंपल्यांची कालवं काढणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथल्या बायकांना झोप येत नव्हती. कुणाचा नवरा समुद्राने नेला होता, कुणाची मुलं शहरात जाऊन तिकडचीच झाली होती, आणि जिला काहीच कारण नव्हतं तिलाही झोप येत नव्हती. झोपेच्या गोळ्या त्या खारे दाणे खावेत तशा खात होत्या. बाईंनी दर्यावर्द्यांना राखणाऱ्या मात्सू देवीच्या देवळाच्या बाजूच्या खोलीत झोपेची शाळा काढली. नियम साधे होते. खाट फक्त झोपेसाठी. पडल्यापडल्या झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचं. रोज एकाच वेळी उठायचं. आणि दुपारची झोप बंद. हे शेवटचं ऐकून निम्म्या बायका पहिल्याच दिवशी चपला शोधायला लागल्या. आमच्याकडे दुपारी बँकेतला कारकूनसुद्धा टेबलावर डोकं टेकतो.

पण बायका टिकल्या. वर्षाने बाई प्रत्येकीच्या घरी गेल्या, आणि जवळजवळ सगळ्याजणी म्हणाल्या, छान झोप लागते. त्यावर बाईंनी निबंध लिहिला. परदेशातल्या परीक्षकांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. ज्याने उपचार केला त्यानेच जाऊन गुण आला का विचारायचं नसतं, तिऱ्हाइताला पाठवा, असं त्यांचं म्हणणं. बाई चवताळल्या. त्या गावात तिऱ्हाईत गेला तर त्याला वाऱ्यापाण्याशिवाय काही कळणार नाही, आमची माणसं आम्हाला कळतात, असं त्यांनी ठणकावून कळवलं. शिवाय हा घराण्याचा नियम होता. लाय सर सांगत, ज्याच्या हातून उपचार झाला त्यानेच विचारायला जावं, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. म्हणून बाई प्रत्येक घरी नासपतीची पेटी घेऊन गेल्या होत्या. निबंध छापून आला, गाजला, आणि बाई झोपेच्या शाळेच्या बाई झाल्या.

वेन-च्यी ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. फान वेन-च्यी, म्याओलीच्या डोंगरातली, हाक्का समाजातली पोरगी. किनाऱ्यावरची बोली ती अशी बोलते की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. इतक्या वर्षांनंतर त्या बायका कशा झोपतात, हा तिचा प्रबंधाचा विषय. बाई निवृत्त व्हायच्या आत तो पुरा व्हायला हवा होता, नाहीतर तिला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागला असता.

ती बाईंची ओळख सांगत, फळं घेऊन घरोघर फिरली. सगळ्या म्हणाल्या, छान लागते. मग एके दिवशी वारा इतका सुटला की स्कूटर चालवणं शक्य नव्हतं. ती कालवांच्या छपराखाली जाऊन बसली. तिथे आ-हाओ आमा आणि बाकीच्या बायका ढिगाभोवती बसून कालवं फोडत होत्या. पासष्टी ओलांडलेल्या सगळ्या बायकांना तिकडे आमा, म्हणजे आजीच म्हणतात, पण आ-हाओ आमा म्हणजे त्या छपराची राणी. नुसतं बसून राहणं बरं दिसेना म्हणून वेन-च्यीने सुरी मागितली. पहिल्याच कालवाला बोट कापून घेतलं. बायका खो खो हसल्या.

"डोंगरातली ना तू? तिकडे काय दगड फोडता?" आमा म्हणाल्या. मग तिच्याकडे निरखून बघत, "आणि डोळे असे खोल का गेलेत गं? झोपत नाहीस?"

"नाही लागत, आमा. प्रबंधाची काळजी."

"मला पण नाही लागत."

वेन-च्यीची सुरी थांबली. "पण परवा तर तुम्ही म्हणालात छान लागते."

"परवा तू बाईंची माणूस म्हणून आली होतीस. आज कालवं फोडायला बसलीस."

"मग तेव्हा बाईंना का नाही सांगितलंत?"

"अगं पोरी, एवढ्या उन्हात ती माउली पेटी उचलून दारात आली. तिला तोंडावर सांगू, तुझा गुण नाही आला म्हणून? आम्ही काय रानटी आहोत? आणि हे बघ, तिला सांगायचं नाही हं. जीव लावते ती आम्हाला."

वेन-च्यीने मग काम नीट केलं. तायपेईहून दोन मुलं बोलावली, त्यांना कुठली बाई शाळेत होती आणि कुठली नव्हती हेही सांगितलं नाही, आणि सगळ्यांना नव्याने विचारायला लावलं. ज्या छान म्हणाल्या होत्या त्यातल्या निम्म्या खरोखर झोपत होत्या. बाकीच्यांनी माणुसकीखातर तसं सांगितलं होतं. शाळा फुकट गेली नव्हती. पण तिचा जो गाजावाजा झाला होता, त्याच्या निम्मीच ती खरी होती.

हे सगळं तिने मला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सांगितलं. तिच्या नूडल्स फुगून वाटीबाहेर यायला लागल्या तरी तिने त्यांना हात लावला नाही.

"ताई, काय करू? सांगितलं तर बाईंचं आयुष्यभराचं काम मी शेवटच्या महिन्यात मोडल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर माझ्या नावावर खोटा प्रबंध."

"समारंभ होऊ दे," मी म्हणाले. "मग बघू."

"समारंभानंतर त्या माझ्या मार्गदर्शकच नसणार. आणि आधी छान आहे म्हणून सही घेतली, नंतर सांगितलं, तर त्या मला काय म्हणतील?"

मला राग आला. पोरीचा आला, आमांचा आला, त्या नासपतींचाही आला. जेवणाचं हॉटेल ठरलं होतं, पाच देशांतून लोक येणार होते, आणि ही बया आत्ता खरं बोलायला निघाली होती. "जेव आधी," मी एवढंच म्हणाले.

त्या गुरुवारी मी समारंभाचे पदार्थ बाईंना विचारायला म्हणून लॅबमध्ये गेले. सगळे डबे उघडून बसले होते. वेन-च्यी धाकटी, म्हणून तिने आधी बोलायचं होतं. ती उठली आणि फळं घेऊन फिरली होती तेव्हाचे, पहिल्या फेरीचे तेवढे आकडे तिने सांगितले. "एकूण छान आहे, बाई. इतक्या वर्षांनीही परिणाम टिकून आहे."

बाई कोंबडीची तंगडी खात होत्या. "वा. म्हणजे माझ्या म्हाताऱ्या अजून झोपतात." त्या खूश झाल्या होत्या, ते दिसत होतं. "आणि तू गं? तुझी झोप कशी आहे?"

"छान लागते, बाई. तुमच्यामुळेच. तुमचे नियम मीपण पाळते." दोन्ही हात मांडीवर ठेवून वेन-च्यी हसली. तिच्या पायात दोन वेगवेगळे मोजे होते आणि डोळ्यांखाली काळं साचलं होतं.

बाई चावायच्या थांबल्या. त्यांनी तंगडी डब्यात ठेवली आणि हात पुसले. मग तिच्या हातांकडे बघितलं.

"हे कुठे शिकलीस?"

"काय, बाई?"

"हे असं. हात मांडीवर, गोड हसू, आणि 'तुमच्यामुळेच'. अख्ख्या गावाने मला हेच उत्तर दिलं होतं. अगदी असंच, हात ठेवून." बाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "किती जणींनी?"

"निम्म्या," ती म्हणाली, आणि मग रडत रडत सगळं सांगितलं, छपरासकट, तायपेईच्या मुलांसकट. कुणी घास घेतला नाही. तिचं सांगून झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"आ-लान, तुला माहीत होतं."

मी हातातल्या पदार्थांच्या कागदावरची कोळंबी वाचत होते. ती मी पुन्हा वाचली.

बाई उठून सरांच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. "सर, आपलं चुकलं," असं म्हणाल्या, आणि पर्स घेऊन घरी निघून गेल्या. अर्धी तंगडी तशीच राहिली. इतक्या वर्षांत बाईंनी अन्न टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान दार उघडून नुसतेच वर बोट दाखवून बाजूला झाले. बाई गच्चीत कुंड्यांतली माती उकरत बसल्या होत्या.

"वाईट वाटलं ना?" मी विचारलं.

"वाटलं. खूप वाटलं." त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "त्या परीक्षकांशी मी काय म्हणून भांडले? आमची माणसं आम्हाला कळतात म्हणून. अगं, कळत होती तर हे नको होतं का कळायला? दारात उन्हात उभ्या असलेल्या बाईला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? तू म्हणशील? मी सरांना कधी म्हटलं?"

मी बाहेर सांडलेली माती परत कुंडीत लोटली.

"आणि निबंधाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती पोरगी माझ्यासमोर बसून मला छान छान सांगत होती. ते मी शिकवलंय तिला. ते जास्त लागलं मला."

सोमवारी बाईंनी वेन-च्यीला प्रबंध सगळा खरा लिहायला सांगितला. त्यातलं एक वाक्य त्यांनी स्वतः हिरव्या पेन्सिलीने घातलं: आधीचे निष्कर्ष चुकीच्या पद्धतीने गोळा केले होते, आणि ती पद्धत माझ्या मार्गदर्शकांची होती. वेन-च्यीने हळूच ते बदलून 'पद्धतीला मर्यादा होत्या' असं केलं. बाईंनी ते खोडून पुन्हा 'चुकीच्या' लिहिलं आणि बाजूला लिहिलं, "मला मस्का लावू नकोस."

आणि मग मला फोन. "गाडी काढ. गावात जायचंय."

आम्ही तिघी गेलो. बाई रिकाम्या हाताने आल्या होत्या, आणि ते त्यांना इतकं अवघड जात होतं की वाटेत दोनदा त्यांनी मला फळांच्या दुकानापाशी गाडी हळू करायला लावली आणि दोन्ही वेळा स्वतःच "चल, चल," म्हणाल्या. छपराखाली बायका होत्याच. बाईंना बघून सगळ्या उठल्या, कुणी खुर्ची आणायला धावली. बाई खुर्ची सोडून लाकडी पाटावर बसल्या आणि सुरी उचलली. आ-हाओ आमांनी वेन-च्यीकडे असं बघितलं की ती माझ्यामागे सरकली.

"सांगितलंस ना शेवटी?"

"तिला रागावू नका, आमा," बाई म्हणाल्या. "तिने उशीरच केला." त्यांनी एक कालव फोडलं, निम्मं शिंपल्यातच राहिलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?"

"लागते की, बाई, तुमच्या..."

बाईंनी नुसतं पुढचं कालव घेतलं. छपरावरचा पत्रा वाऱ्याने वाजत होता. आमा जराशा चुळबुळल्या. शेजारणीकडे पाहिलं. मग सुरी टोपलीत टाकून म्हणाल्या, "नाही लागत. कधीच नाही लागली. त्या खुर्चीत बसून बसून माझी कंबर गेली बाई, पण झोप काही आली नाही!"

आणि बाईंचा चेहरा उजळला. खरंच सांगते, प्राध्यापक झाल्या तेव्हाही मी त्यांना इतकं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. "आणखी सांगा," त्या म्हणाल्या.

मग काय, बांधच फुटला. एकीने सांगितलं, दुपारची झोप तिने एक दिवसही सोडली नव्हती, बाईंची गाडी दिसली की उठून तोंड धुवायची. दुसरी म्हणाली, गोळ्या अजून तांदळाच्या डब्यात आहेत. कोपऱ्यातली एक लहानखुरी आमा मात्र कळवळून ओरडली, "अगं पण मला लागते! खरंच लागते! आता माझं कुणी खरं मानणारच नाही का?" बाई इतक्या हसल्या की सुरी हातातून पडली. त्या लहानखुऱ्या आमांना त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि तिसऱ्यांदाही उत्तर तेच आलं. दुपारभर आम्ही तिथे बसलो. निवृत्तीनंतर काय करणार असं लोक विचारत होते, त्याचं उत्तर बाईंना सापडलं होतं. शाळा पुन्हा भरणार होती, आणि या खेपेला गुण आला का हे विचारायला वेन-च्यीची तायपेईची मुलं जाणार होती.

परतताना मी गाडी चालवत होते. वेन-च्यी मागच्या सीटवर केव्हाच झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून. मिठागरं मागे पडली, तसं बाई एकदम म्हणाल्या, "आ-लान, तुला मी हॉस्पिटलात पाठवलं, तेव्हा तुला जायचं होतं?"

त्यांनी तेव्हाही हेच विचारलं होतं आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून हो म्हटलं होतं. आता हात स्टिअरिंगवर होते.

"नाही, बाई," मी म्हणाले. "मला संशोधनात राहायचं होतं. पहिली चार-पाच वर्षं मी रोज तुमच्या नावाने खडे फोडत होते."

बाईंनी हुंकार भरला. रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. "आणि मग?"

"मग शिकाऊ पोरं यायला लागली माझ्याकडे. त्यांना शिकवता शिकवता राग गेला. आता तिथून हलवलंत तर भांडेन तुमच्याशी."

"हे खरं?"

"हे खरं."

बाईंनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या पोरांना विचारलंस का कधी, बरं चाललंय का म्हणून?"

विचारलं होतं. दर वर्षी विचारते. आणि दर वर्षी सगळीच्या सगळी सांगतात, ताई, अगदी मजेत आहोत.